तांब्याचा दर, फायबरची गुंतवणूक: न्यूझीलंडमधल्या कोरसचे प्रकरण

५ नोव्हेंबर २०१३ रोजी न्यूझीलंडच्या कॉमर्स कमिशनने एक दर जाहीर केला. कोरस ही कंपनी आपल्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड इतर इंटरनेट कंपन्यांना घाऊक भावात विकत असे. एका जोडणीमागे महिन्याला ती ४४.९८ डॉलर घेई. १ डिसेंबर २०१४ पासून ३४.४४ डॉलरच घ्यायचे, असे कमिशनने ठरवले. (डॉलर सगळीकडे न्यूझीलंडचा.) कोरसने लगेच हिशेब मांडला: वर्षाला सुमारे १४.२ कोटी डॉलरची कमाई जाणार, आणि २०२० पर्यंत फायबर टाकायला सुमारे १ अब्ज डॉलर कमी पडणार. शेअर कोसळला. अशाने कंपनी बुडूही शकते, असे खुद्द पंतप्रधान जॉन की बोलून गेले.

यातली मेख अशी की ते फायबर कोरस सरकारच्याच करारावर आणि काही अंशी सरकारच्याच पैशावर टाकत होती. म्हणजे एका हाताने सरकार पैसे देत होते आणि त्याच सरकारच्या कायद्याने चालणारा नियामक दुसऱ्या हाताने ते काढून घेत होता, निदान कोरसचे म्हणणे तसे होते.

नियामकाने दर पाडले की गुंतवणूक आटते, हे टेलिकॉम कंपन्या प्रत्येक देशात सांगतात. मक्तेदाराला मोकळे सोडले की तो नफा खातो आणि जाळे तसेच ठेवतो, हे ग्राहक संघटनांचे ठरलेले उत्तर. न्यूझीलंडने तीस वर्षांत हे दोन्ही प्रयोग करून पाहिले. देश आकाराने महाराष्ट्राहून थोडा लहान, लोकसंख्या त्या काळी ४४ लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या निम्मीही नाही. एकच मोठी कंपनी, एकच नियामक. त्यामुळे कशाने काय झाले ते इथे बरेच स्वच्छ दिसते.

नियामकाविना गेलेली वर्षे

१९९० मध्ये सरकारने टेलिकॉम न्यूझीलंड ही कंपनी अमेरिटेक आणि बेल अटलांटिक या दोन अमेरिकी कंपन्यांना ४.२५ अब्ज डॉलरना विकली. बाजार त्याआधीच, १९८९ मध्ये, सर्वांना खुला केला होता. पण या क्षेत्रासाठी वेगळा नियामक नेमला नाही. स्पर्धेचा सर्वसाधारण कायदा आहे, कोर्टे आहेत, तेवढे पुरे, असा तेव्हाच्या धोरणकर्त्यांचा विश्वास होता. त्याचा अर्थ व्यवहारात काय झाला? क्लिअर कम्युनिकेशन्स या नव्या कंपनीला टेलिकॉमच्या जाळ्याला जोडून हवे होते. जोडणीचे किती पैसे, यावरून वाद पेटला आणि तो कोर्टाच्या पायऱ्या चढत थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेला. १९९४ मध्ये निकाल लागला, तो बहुतांशी टेलिकॉमच्या बाजूने. न्यूझीलंडमधल्या दोन कंपन्यांनी एकमेकींना कॉल कोणत्या भावात द्यावा, हे लंडनमध्ये ठरले. नवीन गुंतवणूकदाराने यातून जो धडा घ्यायचा तो घेतलाच.

२००१ च्या कायद्याने अखेर कॉमर्स कमिशनमध्ये टेलिकॉम आयुक्ताचे पद आले. तरी लोकल लूप, म्हणजे एक्सचेंजपासून घरापर्यंतची तांब्याची तार, प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने द्यायला लावावी का, या प्रश्नावर २००३ मध्ये आयुक्तांनी नकोच म्हटले. कंपनीला स्वतःहून सुधारू द्या, हा त्यामागचा विचार. टेलिकॉमनेही शब्द दिला होता: २००५ अखेरीपर्यंत अडीच लाख घरगुती ब्रॉडबँड जोडण्या, आणि त्यांतल्या एकतृतीयांश इतर कंपन्यांमार्फत. अडीच लाखांचा आकडा गाठला. एकतृतीयांशाचा नाही. प्रतिस्पर्ध्यांना जो माल घाऊक दरात मिळे, त्यात खाली उतरवायला २५६ केबीपीएस आणि वर चढवायला १२८ केबीपीएस. त्याहून जास्त देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड होते असे नाही. पण जास्त दिले असते तर छोट्या कचेऱ्यांनी टेलिकॉमच्या महागड्या लीज्ड लाइन, म्हणजे खास भाड्याने दिलेल्या वेगळ्या तारा, कशाला घेतल्या असत्या?

मंडईत गाळ्यांचा मालकच शेजारच्या गाळ्यावर तुमचाच माल विकायला बसला, तर तो तुमच्या गाळ्याचे पत्रे दुरुस्त करून देईल ही आशा सोडलेली बरी. कंपनी तोट्यात नव्हती, उलट उत्तम नफ्यात होती आणि भागधारकांना भरघोस लाभांश वाटत होती. ब्रॉडबँडच्या प्रसारात मात्र देश ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेतल्या ३० देशांमध्ये बाविसावा होता. हलके नियमन म्हणजे जास्त गुंतवणूक, हे समीकरण इथे पंधरा वर्षे तपासले गेले आणि चुकले. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग, कारण यात नाट्य काहीच नाही. काही घडलेच नाही, हीच घटना.

नाट्य आले २००६ मध्ये. दूरसंचार मंत्री डेव्हिड कन्लिफ यांनी लोकल लूप खुला करण्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे आणला आणि तो गुप्त कागद फुटून थेट टेलिकॉमच्या हाती पडला. शेअर बाजारात गोंधळ नको म्हणून सरकारने ३ मे रोजी घाईघाईने घोषणा करून टाकली. शेअर पडायचा तो पडलाच. त्याच सुमारास कंपनीच्या प्रमुख थेरेसा गॅटंग यांचे सिडनीतले बोलणे बाहेर आले. जगभरच्या टेलिकॉम कंपन्यांनी दरांमधला गोंधळ हेच विक्रीचे हत्यार म्हणून वापरले आहे, अशा आशयाचे. प्रामाणिक बोलणे होते, पण वेळ वाईट. डिसेंबरात कायदा झाला, आणि ३१ मार्च २००८ पासून टेलिकॉमचे एकाच मालकीखाली तीन वेगळे विभाग झाले: तारा सांभाळणारा कोरस, घाऊक विक्री आणि किरकोळ विक्री.

(आपल्याकडे ट्राय या टेलिकॉम नियामकाने २००४ मध्ये लोकल लूप खुला करण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात सरकारने ती सक्तीची केली नाही. बीएसएनएल आणि एमटीएनएलची तांब्याची तार बंदिस्तच राहिली आणि भारत मोबाइलच्या वाटेने गेला. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

रस्त्याकडेचे हिरवे कॅबिनेट

लूप खुला झाल्यावर ऑर्कॉन, व्होडाफोन, कॉलप्लस अशा कंपन्यांनी एक्सचेंजमध्ये जागा घेऊन स्वतःची यंत्रे बसवली. यात खरा पैसा घातला गेला. एडीएसएलचा, म्हणजे तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा, नियम साधा: एक्सचेंजपासून तार जितकी लांब, तितका वेग कमी. एक्सचेंजशेजारच्या घरी २० एमबीपीएस मिळत असतील, तर चार-पाच किलोमीटरवरच्या घरी एक-दोनही मुश्किलीने. म्हणजे एक्सचेंजमध्ये यंत्र बसवून सगळे गिऱ्हाईक सारखे मिळत नाही, जवळचे मिळते.

आता त्याच वेळी दुसरीकडे काय चालले होते ते पाहा. विभाजनाच्या अटींचा भाग म्हणून टेलिकॉमने सरकारला लेखी दिले होते की गल्लीच्या तोंडापर्यंत फायबर नेऊ आणि तिथे रस्त्याकडेला कॅबिनेट, म्हणजे यंत्रांची खोकी, बसवू. २०११ पर्यंत अशी सुमारे ३,६०० कॅबिनेट बसली. घरापासून कॅबिनेटपर्यंतची तांब्याची तार आखूड झाली, वेग वाढला, ग्राहक खूश. पण ती घरे आता कॅबिनेटवरून चालू लागली. एक्सचेंजमध्ये प्रतिस्पर्ध्यांनी बसवलेल्या यंत्रांना त्या घरांची तार आता उपयोगाची राहिली नाही. कॅबिनेटमध्ये जाऊन पुन्हा यंत्र बसवायचे म्हटले, तर एका कॅबिनेटवर मोजकी घरे, आणि त्या लोखंडी खोक्यात जागा ती किती.

म्हणजे एकाच कायद्याच्या एका कलमाने स्पर्धकांना एक्सचेंजमध्ये पैसे घालायला बोलावले आणि त्याच कायद्याखाली दिलेल्या दुसऱ्या हमीने ती गुंतवणूक कुचकामी केली. दोन्ही निर्णय सुटेसुटे पाहिले तर योग्यच वाटतात. यंत्रणेत कोणी वाईट हेतूने वागले नाही. पण पुढच्या वेळी नियामक म्हणाला, या, गुंतवा, तर या कंपन्या आधी रस्त्यावर कुठे खोक्याचे काम चालले आहे का ते बघणार.

एका घरामागे १,११८ डॉलर

२००८ च्या निवडणुकीत नॅशनल पक्षाने आश्वासन दिले: सरकार १.५ अब्ज डॉलर घालेल आणि ७५ टक्के लोकसंख्येच्या दारापर्यंत फायबर नेईल. मंत्री स्टीव्हन जॉइस यांनी क्राउन फायबर होल्डिंग्ज ही सरकारी कंपनी काढून देशाचे ३३ भाग पाडले आणि बोली मागवली. वांगारेईचा भाग नॉर्थपॉवर या वीज वितरण कंपनीने घेतला, हॅमिल्टन आणि टॉरांगा वगैरे वेल नेटवर्क्सच्या कंपनीने, क्राइस्टचर्च एनेबलने. वीज कंपन्यांकडे खांब होते, खोदकामाचा अनुभव होता आणि तांब्याचे ओझे नव्हते.

उरलेले २४ भाग टेलिकॉमला मिळाले, पण एका अटीवर: जाळे आणि किरकोळ विक्री यांची मालकीच तोडायची. २००६ मध्ये जी कंपनी विभागणीविरुद्ध लढत होती, तीच २०११ मध्ये स्वतःहून दोन तुकडे व्हायला तयार झाली, कारण तसे केले नाही तर फायबर दुसराच कोणी टाकणार होता आणि तांब्याची तार भंगारात निघणार होती. कायद्याच्या धाकापेक्षा कंत्राट हातचे जाण्याची भीती जास्त कामी आली. १ डिसेंबर २०११ रोजी कोरस वेगळी कंपनी झाली. किरकोळ विक्रीवाल्या टेलिकॉमने पुढे २०१४ मध्ये नाव बदलून स्पार्क केले.

कोरसला सरकारकडून ९२.९ कोटी डॉलर मिळायचे होते. ते एकरकमी नव्हेत. ज्या ज्या घरासमोरून फायबर जाईल त्या प्रत्येकामागे १,११८ डॉलर, म्हणजे सुमारे ८ लाख ३१ हजार घरे-दुकाने. बिनव्याजी आणि दीर्घ मुदतीचे, पण परत करायचे. घरासमोरून गेले म्हणजे घरात गेले असे नव्हे. फाटकापासून भिंतीवरच्या डबीपर्यंत आणि तिथून आत ओएनटी या फायबरच्या यंत्रापर्यंतचे काम ग्राहकाने मागणी केल्यावर. छोट्या कंपन्यांशी करार निराळा होता: सरकार आधी भांडवल घाले, घर जोडले गेले की भागीदार कंपनी तेवढे शेअर सरकारकडून विकत घेई आणि तोच पैसा पुढच्या गल्लीत जाई. लोक जोडणी घेतीलच का, ही जोखीम अशा रीतीने सरकारने उचलली. मे २०१४ मध्ये वांगारेई हे फायबर पूर्ण झालेले देशातले पहिले शहर ठरले.

यात एक अडचण कोणत्याच धोरणाच्या कागदात नव्हती. तिकडे एका सामायिक वाटेवर मागेपुढे चार-पाच घरे असतात. मागच्या घराला फायबर हवे तर त्या वाटेवर हक्क असलेल्या सर्व शेजाऱ्यांची संमती लागे. एक शेजारी परदेशी, एकाचा भाडेकरू, एक रुसलेला. आपल्याकडच्या सोसायटीच्या एनओसीचा अनुभव असलेल्यांना पुढचे सांगायला नको. त्यासाठी २०१७ मध्ये कायदा बदलावा लागला: जमिनीला फारसा धक्का न लावणाऱ्या कामाला शेजाऱ्यांना नोटीस पुरेशी.

३७.५० आणि ३४.४४

आता सुरुवातीच्या दराकडे. फायबरची सर्वांत स्वस्त घाऊक जोडणी, ३० एमबीपीएसची, करारानुसार ३७.५० डॉलर होती, आणि ती २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने ४२.५० वर जायची होती. तांब्याचा दर ४४.९८ असताना फायबर स्वस्त पडे आणि ग्राहक आपोआप त्याकडे वळला असता. तांबे ३४.४४ वर आले की चित्र उलटे झाले: जुने स्वस्त, नवे महाग. शिवाय फायबर टाकायचा पैसा कोरस तांब्याच्याच कमाईतून उभा करत होती.

मग कमिशनने असे केले का? कारण कायद्याने तसे सांगितले होते. ४४.९८ मध्ये दोन तुकडे होते: २३.५२ तारेचे आणि २१.४६ त्यावर चालणाऱ्या ब्रॉडबँड सेवेचे. दुसरा तुकडा किरकोळ दरातून ठरावीक वजावट करून ठरे. टेलिकॉमची किरकोळ विक्री वेगळी झाल्यावर त्या पद्धतीला अर्थ उरला नाही. म्हणून २०११ च्या कायद्यातच लिहिले होते की तीन वर्षांनी, १ डिसेंबर २०१४ पासून, हा तुकडा खर्चावर आधारित असेल, आणि सुरुवातीला तो खर्च परदेशांतल्या तत्सम दरांशी ताडून काढायचा. निकषांत बसणारे देश मूठभर, त्यांत डेन्मार्क आणि स्वीडन ठळक. त्यावरून डिसेंबर २०१२ च्या मसुद्यात ८.९३ आले, अंतिम निर्णयात १०.९२. २३.५२ मध्ये १०.९२ मिळवले की ३४.४४.

वेगळे होण्याच्या ठरावावर टेलिकॉमच्या भागधारकांनी मत दिले तेव्हा ही तरतूद सर्वांसमोर होती. आकडा माहीत नव्हता, तारीख माहीत होती. म्हणून अनपेक्षित धक्का बसला ही तक्रार मला अर्धीच पटते. खरा दोष कायदा लिहिणाऱ्यांचा. फायबरचा दर त्यांनी करारात बांधून घेतला, तांब्याचा दर नियामकावर सोडला, आणि हे दोन दर एकमेकांच्या शेजारी ठेवले तर काय होईल हे कोणी पाहिले नाही. २०११ मध्येच फायबरला २०१९ अखेरीपर्यंत कमिशनच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा प्रस्ताव आला होता. लोकांनी आरडाओरडा केल्यावर सरकारने तो मागे घेतला. त्या भांडणात तांब्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

मसुद्यानंतर मंत्री ॲमी ॲडम्स यांनी कायदा बदलून दर वरच्या पातळीवर ठेवण्याचे पर्याय पुढे केले. ग्राहक संघटना, इंटरनेटएनझेड ही इंटरनेटसाठी काम करणारी संस्था आणि छोट्या इंटरनेट कंपन्यांनी त्याला तांब्यावरचा कर म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव चिकटले. सरकारला पाठिंबा देणाऱ्या लहान पक्षांनी मते द्यायला नकार दिला. कोरस उच्च न्यायालयात गेली, हरली. अपील न्यायालयात गेली, तिथेही हरली. सरकारने अर्न्स्ट अँड यंग या हिशेबतपासनीस कंपनीला कोरसचा ताळेबंद तपासायला सांगितले. त्यांचा निष्कर्ष: खड्डा खरा आहे, पण त्याचा बराच भाग कंपनी स्वतः बुजवू शकते.

पुढे कोरसने नेमके तेच केले. लाभांश थांबवला, खर्च आवळला, सरकारशी पैसे मिळण्याचे वेळापत्रक बदलून घेतले. आणि खोदकाम? ते एक दिवसही थांबले नाही. करारात प्रत्येक टप्प्याची तारीख होती, चुकले तर दंड होता. शहरांना चुरशीत उतरवणारी गिगाटाउन नावाची स्पर्धासुद्धा याच काळात चालू होती. २०१४ मध्ये ती डनीडनने जिंकली. दर पाडले तर गुंतवणूक थांबेल असे जे सांगितले जात होते, त्यात प्रत्यक्ष थांबले ते भागधारकांचे उत्पन्न. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि टेलिकॉम कंपन्यांची निवेदने त्या हटकून एकत्र बांधतात.

तरी कोरसची बाजू अगदीच पोकळ नव्हती. परदेशी दरांशी ताडण्याऐवजी न्यूझीलंडमध्येच असे जाळे आज नव्याने बांधले तर किती खर्च येईल, याचे सविस्तर गणित मांडण्याची मागणी कायद्यानुसार करता येत होती. ते गणित व्हायला दोन वर्षे लागली आणि डिसेंबर २०१५ मध्ये दर पुन्हा सुमारे ४१ डॉलरवर गेला. ४४.९८, मग ३४.४४, मग ४१. वस्तू तीच, तार तीच. कमी दरापेक्षा हा हेलकावा गुंतवणूकदाराला जास्त सतावतो. लाभांशही कोरसने २०१६ मध्येच पुन्हा सुरू केला.

आणि लोक फायबरकडे वळले ते घाऊक दरातल्या काही डॉलरच्या फरकामुळे नव्हेच. मार्च २०१५ मध्ये नेटफ्लिक्स आले. संध्याकाळी आठ वाजता तांब्याच्या तारेवर चित्र अडकू लागले की घाऊक दराचे तक्ते कोण बघतो.

जे २०११ मध्ये करायला हवे होते

२०१८ च्या कायदादुरुस्तीने सगळा साचा बदलला. १ जानेवारी २०२२ पासून कोरसच्या फायबर जाळ्याची किंमत कमिशन ठरवते, त्यावर वाजवी परतावा, घसारा आणि चालू खर्च धरून एकूण किती महसूल मिळवता येईल त्याची मर्यादा घालते. वीज वाहिन्यांना लावतात तीच पद्धत. सुरुवातीची मालमत्ता सुमारे ५.४ अब्ज डॉलर धरली गेली. त्यात एक वादग्रस्त भाग आहे: २०११ ते २०२१ या काळात ग्राहक कमी असताना सोसलेला तोटासुद्धा मालमत्ता म्हणून धरला आहे, म्हणजे तो पुढच्या ग्राहकांकडून वसूल होणार. ग्राहक संघटनांना हे रुचले नाही. मला ते महाग वाटते, पण सरळ वाटते. कोण किती भरणार आणि कशासाठी, हे निदान कागदावर आहे. फायबर टाकणाऱ्या इतर तीन छोट्या कंपन्यांना महसुलाची मर्यादा नाही, फक्त हिशेब जाहीर करायचे बंधन.

फायबर पोचलेल्या भागात तांब्याचे दर-नियमन उठवले, आणि ग्राहकाला ठरावीक संरक्षण देऊन तार बंद करण्याची मुभा कोरसला दिली. ज्या दरावरून एक पंतप्रधान कंपनी बुडण्याची भाषा करत होते, तो दर शहरांतून असाच निघून गेला.

२०२२ अखेर ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर पोचले. मूळ आश्वासन ७५ टक्क्यांचे होते. पोचलेल्यांपैकी दहातल्या सातांहून अधिकांनी जोडणी घेतली.

उरलेल्या १३ टक्क्यांचा हिशेब अजून बसलेला नाही. तिथे दुधाच्या गोठ्यांची आणि मेंढपाळांची घरे एकमेकांपासून किलोमीटर-किलोमीटरवर आहेत. सरकारी ग्रामीण योजनेतले वायरलेस मनोरे आहेत, २०२१ पासून स्टारलिंक आहे, आणि जुनी तांब्याची तार आहे, जी चालवणे कोरसला परवडत नाही. तिथे फायबर न्यायचे तर तो खर्च ५.४ अब्जांच्या यादीत चढवून शहरातल्या ग्राहकाकडून वसूल करायचा, सरकारने पुन्हा घरामागे पैसे द्यायचे, की उपग्रहावर सोडून द्यायचे, यावर वेलिंग्टनमध्ये अजून एकमत नाही; आणि जोवर ते होत नाही तोवर तिथे खोदायला फारसे कोणी जाणार नाही, दर कितीही ठेवला तरी.